दाण्यांवरची काजळी

३ एप्रिल १९७३, वाशीम
आजही बेंझिन कमी. सकाळी बरं निघालं, दुपारपर्यंत ज्याचं बेंझिन व्हायचं ते सायक्लोहेक्झेन घातलं तसंच नळीतून परत. भट्टी ठीक, तापमान ठीक. म्हणजे हा बदल घडवणारं, दाण्यांवरचं प्लॅटिनमच थकलं. माझ्या गाइड सरांनी स्वतःच्या हाताने केलेले हे शेवटचे दाणे. दिवाळीनंतर सर गेले, आता कोण करून देणार? हे मेले की माझी पीएच.डी. गेली.

५ एप्रिल
नळी उघडली. राखाडी दाणे काळेकुट्ट. वर कार्बन बसलाय, खालच्या प्लॅटिनमला वाफ शिवतच नाही.

करणी माझीच. हायड्रोजन भरपूर सोडला तर कार्बन धरत नाही, हे वर्गात घसा कोरडा करून सांगतो. पण जस्तावर ॲसिड टाकून तो बनवायचा तर ॲसिडात पाणी लागतं, आणि या दुष्काळात पाण्याच्या टँकरचा नेम नाही. म्हणून काटकसर केली. मोठा शहाणा!

७ एप्रिल
भाडं द्यायला शहाशेठकडे गेलो. घरमालक, पण माणूस गमत्या. तोंड का उतरलं म्हणून खोदून विचारलं, सांगितलं. म्हणाले, "सोन्याहून महाग दाणे अन् त्याईले काजळी धरते? मंग घेतले कायले?" हसलो. बाहेर आल्यावर रडू आलं.

१० एप्रिल
कार्बन जाळून काढता येतो. हवा मात्र अगदी बारीक सोडायची. जास्त झाली की आतच भडका, प्लॅटिनमचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. मग दाणे दिसायला स्वच्छ, कामाला शून्य. सर असते तर शेजारी बसले असते.

१२ एप्रिल
जाळलं. दिवसभर तापमानावर डोळे. एकदा पारा सरसर चढला, हवा बंद केली. वेळेत केली का?

दाणे पुन्हा राखाडी. जिवंत आहेत की नाही, ते बेंझिन निघालं तरच कळणार. त्यासाठी वाफ थंड करायला गार पाणी हवं. ड्रममधलं तेच ते पाणी फिरवलं की या उन्हात तापतं, बेंझिन उडून जातं, मोजायचं काय?

१३ एप्रिल
टँकर आला नाही. मागे एकदा घरची बादली लॅबमध्ये नेली होती. परत आणलेल्या पाण्याला असा वास, की कुसुमने ते आमच्या बेबीला पाजलं नाही, भांडी घासायला वापरलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज पाण्याचा विषयच काढला नाही.

१४ एप्रिल
आजही टँकर नाही. गार पाणी नसलं तरी भट्टी लावून बसलो होतो. दुपारी कुसुम स्वतः लॅबच्या दारात. बेबीला शेजारणीकडे ठेवून, भर उन्हात पाण्याची बादली घेऊन आली. घरी किती राहिलं विचारलं. तांब्याभर.

परत ने म्हटलं. ऐकेना.

"तुमी झोपतबी नाई अन् बोलतबी नाई. एकदाचं पाहून घ्या. नाई तं जनमभर माह्यावर राग काढसान."

बसली नाही, लगेच गेली. खरं बोलली, म्हणून जास्त लागलं.

भट्टी तापलीय. हायड्रोजन सुरू आहे, या वेळी भरपूर; ॲसिडात ड्रममधलंच पाणी ओतलं. खरं सांगायचं तर भीती वाटतेय. बादली पायाशी आहे. वाफ थंड करायला पाणी ओढणारी नळी अजून तिच्यात सोडली नाही.