जोशींची वांगी

मंगळवार, भोपाळ

आज या टाउनशिपमध्ये माझ्यावर घोर अन्याय झाला: ताटात भरीत नव्हतं.

वांगी होती. शेजारच्या जोशींच्या परसातली, त्यांच्याच पातेल्यातून आलेली. वर्षभर येताहेत. जोशी इथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यात केमिस्ट. म्हणायचे, "वहिनी, थोडं फवारलंय, पण लिव्हर सगळं पचवतं."

आज त्यांची बायको, मूळची उज्जैनची, कुंपणावरून सहज बोलून गेली, "आमच्या घरी तर ही वांगी कोणीच नाही खात."

जोशींना गाठलं.

"त्या औषधाची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी. लिव्हरमधलं एन्झाइम एकालाच झटपट फोडतं."

"आणि दुसरं?"

"अंगात रेंगाळतं."

म्हणजे माहीत होतं. वर्षभर. आम्हाला मात्र पहिल्याचंच कौतुक ऐकवलं.

वांगी खड्डा खणून मातीत पुरली. पातेलं घासलं. रिकामं परत करायचं नसतं, म्हणून मूठभर साखर घातली आणि बेल न वाजवता त्यांच्या दारात ठेवून आले.