आठवा खिळा

५ नोव्हेंबर १९७८, रविवार
दिवाळी संपली. सकाळी भाकरी थापता थापता सासूबाईंनी जाहीर केलं की त्या आता काल्हेरला धाकट्या मुलाकडे राहायला जाणार. कायमच्या. का, म्हणून विचारलं. न्हाय ग, उगाच, म्हणाल्या आणि भाकरी उलटली. भाकरी करपलेली होती.
त्या गेल्या तर माझ्या लेकीची, गोदूची शाळा, नळाचं पाणी, रॉकेलची रांग, सगळं माझ्यावर. म्हणजे नोकरी संपली. म्हणजे मी संपले.
काही झालं तरी त्यांना जाऊ द्यायचं नाही. नाराजीचं कारण शोधायचं. शास्त्रीय पद्धतीनं.

७ नोव्हेंबर
ऑफिसात शेठ विचारत होते, लाइनचं कुठवर आलं? नव्वद टक्के झालं म्हणून सांगितलं. (सुरुवात उद्या करायची आहे.)
काम तसं सोपं आहे. आमच्या मानकोलीच्या गोदामातल्या छोट्या कॉम्प्युटरमधून बिल्ट्या, म्हणजे रवाना केलेल्या मालाच्या पावत्या, टेलिफोनच्या तारेवरून मुंबईच्या ऑफिसात पोचवायच्या. तारेच्या टोकाला एक पेटी आहे. तिच्यात आठ बिट, म्हणजे आठ खुणा. प्रत्येक खूण एक किंवा शून्य. पहिली एक असली की लाइन जोडलेली आहे. दुसरी असली की पाठवायला तयार. पुढे कुठे अक्षर हरवलं, कुठे अक्षर बिघडलं वगैरे. आठवी राखीव, तिच्याकडे लक्ष देऊ नये असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. माझ्या प्रोग्रामनं ही ओळ वाचायची आणि खुणांना नावं देऊन त्याप्रमाणे वागायचं. एका ओळीत तारेची सगळी प्रकृती कळते. काय सुंदर कल्पना!
मॅन्युअल बरंच जाड आहे. महत्त्वाचं वाचलं. तळटिपा सावकाश वाचीन.

८ नोव्हेंबर, रात्री
बसमध्ये सुचलं. घरालाही अशीच आठ खुणांची ओळ हवी.

१२ नोव्हेंबर, रविवार
बोर्ड तयार! हे (केसरीनाथ, रोजनिशीत नाव लिहिलं तर कोण बघतंय) नारपोलीहून लूमच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या घेऊन आले. फळीवर ओळीनं आठ खिळे. खिळ्यावर कांडी म्हणजे एक, मोकळा खिळा म्हणजे शून्य. पाणी आलं नाही, रॉकेल संपलं, रेशन आलं, पाहुणे, शाळेचा निरोप, दूधवाला. सातवा खिळा खास: सासूबाईंची नाराजी. आठवा राखीव.
आजारपणाला खिळा ठेवला नाही. आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही.
संध्याकाळी मी बोर्ड वाचीन आणि कांड्या उतरवीन. वाचलं की शून्य. तोंडी तक्रार घेतली जाणार नाही.
सासूबाईंनी एकेक खिळा बोटांनी चाचपून पाहिला. आठवा कुणासाठी, विचारलं. म्हटलं, कुणासाठी नाही. मंग ठोकलास कशाला, म्हणाल्या. हे हसले. यांना पद्धतशीर विचारांची आवडच नाही.

१४ नोव्हेंबर
यश! नाराजी: शून्य.
फक्त एक गडबड. रॉकेलच्या खिळ्यावर कांडी होती म्हणून रांगेत उभी राहिले, घरी येऊन बघते तर डबा काठोकाठ. कांडी पाण्याची होती म्हणे. सासूबाईंना शिस्त लागायला वेळ लागेल. आठव्यावरही एक कांडी होती. उतरवली.

१५ नोव्हेंबर
नाराजी शून्य. आठव्यावर पुन्हा कांडी. उतरवली. राखीव म्हणजे काय ते सासूबाईंना सावकाश समजावलं. हो हो, म्हणाल्या.
आमटीत साखर होती. दुर्लक्ष केलं. संसारात दुर्लक्ष करता आलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर
ऑफिसात मोठी प्रगती. प्रोग्राममध्ये एक पहारेकरी ठेवला. तो सतत पेटीची ओळ वाचतो, बाकीच्या सात खुणा झाकून टाकतो आणि फक्त पहिली बघतो: लाइन आहे ना? आहे. मग टेलिप्रिंटरवर छापतो, सर्व ठीक. दिवसभर सर्व ठीक, सर्व ठीक. कागद मीटर-मीटर बाहेर येतो. टेलिफोनवर बसणारा लडकू म्हणाला, बाई, ये तो मेरी सास जैसा है, पूछो तो सब ठीक. त्याला तांत्रिक बाजू कळत नाही.

१७ नोव्हेंबर
ऑफिसला निघताना सासूबाई दारात आल्या. तुळजे, मला जरा… म्हणाल्या. बस निघायच्या बेतात होती. म्हटलं, आई, बोर्डावर लावा ना. त्यासाठीच तर आहे!
संध्याकाळी बोर्ड: आठव्यावर कांडी. बाकी शून्य. उतरवली.

१९ नोव्हेंबर, रविवार
तांदळात खडे. यांचा दात दुखावला. हे म्हणाले, आईला एकदा विचार तरी काय होतंय ते. म्हटलं, रोज विचारते, रोज वाचते. आठवडाभराचा रेकॉर्ड: नाराजी एकदाही नाही. कुठल्या घरात आहे असा रेकॉर्ड? काल्हेरचा विषय मागे पडला आहे असं मी समजते.
संकल्प: डेमो झाला की सासूबाईंना लुगडं घ्यायचं.

२१ नोव्हेंबर
शुक्रवारी डेमो. शेठ मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यांना बोलावणार आहेत. आता घरातलं काही बघायला वेळ नाही. बोर्ड शनिवारपर्यंत वाचणार नाही. तशीही तिथे काही बातमी नसते.

२२ नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळी आले तर सासूबाई नाहीत. धाकटे दीर टेम्पो घेऊन आले होते म्हणे. पत्र्याची पेटी नेली. गोदू म्हणाली, आजीनं जाताना माझी वेणी घातली, पण वाकडी.
हवापालटाला गेल्या असतील. खाडीचा वारा चांगला. जातानाही कुरकुर नाही, याचा अर्थ नाराज नाहीत.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
डेमो झाला.
आमच्या कागदावर शेवटपर्यंत सर्व ठीक. व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी पेढे फिरवले. पेढा तोंडात असतानाच मुंबईचा फोन आला. अर्ध्या बिल्ट्या पोचल्याच नाहीत. पोचल्या त्यात कापडाच्या गाठी कुठल्या आणि मिरचीची पोती कुठली, कळत नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मशीन तेव्हाही छापत होतं.
तारेचा दोष असणार.

२५ नोव्हेंबर, शनिवार
तारेचा दोष नाही.
मॅन्युअलची तळटीप, अगदी बारीक अक्षरात: ओळ वाचताच चूक दाखवणाऱ्या खुणा आपोआप शून्य होतात. म्हणजे ज्यानं वाचलं, त्यानंच दखल घेतली पाहिजे. दुसऱ्यांदा काही दिसत नाही. अक्षर हरवलं की पेटी दर वेळी सांगत होती. माझा पहारेकरी दर वेळी ते वाचत होता, झाकत होता, पुसत होता. प्रोग्रामचा चूक दुरुस्त करणारा भाग बिचारा मागून यायचा, त्याला सगळं शून्य दिसायचं.
शेठ म्हणाले, सोमवारी बोलू. सोमवारी सगळं समजावून सांगीन. असल्या चुका थोरामोठ्यांच्याही हातून होतात.
उद्या काल्हेरला जाऊन सासूबाईंना घेऊन येते. एक तरी गोष्ट मार्गी लागेल.

२६ नोव्हेंबर, रविवार
काल्हेरला गेले. सासूबाई खाटेवर उताण्या, दोन्ही बाजूंना उशा, डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदू. धाकट्या जाऊबाईंनी गुरुवारी ठाण्याला नेऊन ऑपरेशन करून आणलं. दुसरा डोळा उन्हाळ्यात. दसऱ्यापासून नीट दिसतच नव्हतं म्हणे.
पायातल्या वहाणांच्या आवाजावरून मला ओळखलं. कोन, तुळजा का ग? गोदू जेवली का?
म्हटलं, आई, मला सांगायचं तरी. त्या म्हणाल्या, सांगितलं की. तूच म्हणालीस बोर्डावर लाव. तुझ्या सात खिळ्यांत डोळा कुठं बसत न्हाय, म्हणून शेवटच्या मोकळ्या खिळ्यावर कांडी लावायची. चाचपून, अगदी टोकाचा. रोज सकाळी लावायची, सांजच्याला तू काढायचीस.
मग पांघरूण चाचपून सारखं केलं. म्हणाल्या, मना वाटलं, तुला समजलं हाय.
जाऊबाईंनी चहा आणला. परत कधी येता, हे विचारायचं ठरवून गेले होते. विचारलं नाही. चहा पाजताना कप मी धरला. थोडा गळ्यावर सांडला.

रात्री
घरी आले. हे भात लावत होते. सवयीनं बोर्डाकडे गेले. पहिले सात मोकळे.
आठव्यावर कांडी होती. बुधवारी जाताना लावलेली. डेमोच्या गडबडीत बोर्ड वाचला नव्हता, म्हणून तेवढी राहिली.