चार चौकोनांतली तोंडं

बाबा, त्या सहा मिनिटांच्या फिल्मची खरी किंमत काय पडली, ते आज लिहून टाकतो. तीन कोऱ्या कॅसेटी, आईची लग्नातली पांढरी चादर, जिच्यावर तुमची चित्रं टाचली आणि टाचण्यांची भोकं शेवटपर्यंत राहिली, आणि तुमची अकरा सकाळींची झोप. रात्रभर माझगावच्या गोदामावर पहारा करून तुम्ही सातला घरी यायचात आणि आडवं व्हायच्या ऐवजी माझ्यासमोर चहाचा कप घेऊन बसायचात. बाकीचं सगळं भरून निघालं. ती झोप काही निघाली नाही.

दादरच्या त्या क्लासमध्ये व्हिडिओ एडिटिंग शिकत होतो तेव्हा गिरणी संपाला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. शेवटचा प्रोजेक्ट होता: कुठलीही चित्रपट्टी घ्या आणि तिची फिल्म करा. ज्याची फिल्म पहिली येईल त्याला परळच्या एका स्टुडिओत असिस्टंटची जागा. बाकीची पोरं वर्तमानपत्रं धुंडाळायला लागली. मी घरी आलो आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. संपात तुम्ही चाळीच्या फळ्यावर रोज लावायचात त्या पट्ट्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चार चौकोन, चारही चौकोनांत तो टकला साचेवाला, गिरणीत मागावर कापड विणणारा, आणि डोक्यावरच्या फुग्यात 'आमचा निर्धार कायम आहे' छापाचं काहीतरी. एकतीस पट्ट्या होत्या. तुम्ही म्हणालात, "काय करतलंस तेचा? आता कोण हसतलो?" पण नको म्हणाला नाहीत.

माझे कान तिखट, हे तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. कॉमन नळावरच्या भांडणातलं कोणतं वाक्य कुठल्या खोलीतून आलं ते मी आतून सांगायचो. त्यामुळे मी ठरवलं, फिल्म आवाजावर उभी करायची. फुग्यांतले सगळे संवाद मीच बोललो, टकल्याचा वेगळा आवाज, त्याच्यावरच्या मुकादमाचा, म्हणजे जॉबरचा, वेगळा. तेव्हा एडिटिंग म्हणजे शेजारी शेजारी दोन मशिनं, एकावरून वाजवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं. मध्ये एक कट चुकला की पुढचं सगळं पुन्हा. सव्वाशेच्या आसपास कट होते. माझी बोटं मशीनवरून उठत नव्हती आणि मला त्याचा काडीचाही त्रास होत नव्हता. जेवताना ताटाकडे बघितलं तरी चार चौकोन दिसायचे.

मग तो रविवार. शेजाऱ्यांचा टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, आणि तुमच्या साचेखात्यातले दोघं पाहुणे: शेजारच्या साच्यावरचे मामा आणि घाटावरचे ते आडदांड, ज्यांना सगळे पैलवान म्हणायचे. मी कॅसेट लावतो. पहिली पट्टी चालू होते, आणि माझा संवाद यायच्या आधीच पैलवान मांडीवर थाप मारून हसतात. दुसऱ्या पट्टीला मामा. तिसरीला दोघं एकदम. आवाज मागे पडलाय, सव्वाशे कट पुन्हा करावे लागणार. मी कॅसेट थांबवतो.

"काका, आवाज यायच्या आधी कशाला हसताय?"

"आवाज कशाला पायजे?" पैलवान म्हणतात. "तोंड बघ की त्या टकल्याचं. पैल्यात आ. दुसऱ्यात ई. तिसऱ्यात चा. चौथ्यात ओठाचा चंबू."

मी बघतो. उघडं तोंड, ताणलेलं तोंड, पुन्हा उघडं, मग गोल. पैलवान आवाज न काढता तीच चार तोंडं करून दाखवतात आणि मला स्वच्छ ऐकू येतं: आईचा घो.

वर फुग्यात 'आमचा निर्धार कायम आहे'.

बाबा, त्या क्षणी मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दोनशे साचे एकदम खडखडायला लागले की कानाशी ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून साचेवाले एकमेकांची तोंडं वाचतात, हे मला ठाऊक होतं. घरीसुद्धा तुम्ही आमच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघायचात. पण तुम्ही तोंडं चितारलीत आणि फुगे नुसते झाकायला ठेवलेत, हे तिखट कानाच्या माझ्या डोक्यात इतकी वर्षं आलं नव्हतं. फळा चाळीतल्या बायापोरांचा, युनियनवाल्यांचाही, त्यांच्यासाठी फुगे. तोंडं फक्त साचेखात्यासाठी. आई आतून कणीक मळता मळता म्हणाली, "तरीच. घोषणा वाचून दात काढणारे हेच तेवढे, असं मला तेव्हाच वाटायचं." तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होतात आणि तुमचे कान लाल झाले होते.

पुढच्या सगळ्या पट्ट्यांना ते दोघं हसले. एकतिसावी आली तेव्हा कोणी हसलं नाही. मामा म्हणाले, "बंद कर रे आता," आणि चपला घालून निघाले.

प्रोजेक्ट द्यायला बारा दिवस उरले होते. मी सगळे संवाद पुसले. फुगे कागदाने झाकून प्रत्येक तोंड जवळून पुन्हा शूट केलं. लोअर परळला एका गिरणीत थोडे साचे पुन्हा सुरू झाले होते, तिच्या भिंतीला टेपरेकॉर्डर टेकवून तो खडखडाट उतरवला. आणि रोज सकाळी तुमच्यासमोर एकेक चित्र धरायचं. तुम्ही तोंड हलवायचात, मी ओळखायचो. चुकलो की, "तोंडाकडे बघ रे मेल्या, कान कित्याक लावतंस?" चौथ्या-पाचव्या दिवशी मला जमायला लागलं. एका सकाळी आपण दोघं अर्धा तास एकही आवाज न काढता बोललो, आणि आईने विचारलं की भांडण झालंय का.

अकराव्या सकाळी शेवटची पट्टी. फुग्यात 'लढू'. मी तोंडं वाचली: घ, री, जा, ऊ. घरी जाऊ.

"माका तोंडान सांगूक जमला नाय," तुम्ही म्हणालात. "म्हणून चितारलंय. दुसऱ्याच दिवशी गोदामावरची नोकरी घेतलंय. मामांका फळ्यावर कळला. त्या सांजेक इले, बसले, काय एक बोलले नाय." मग कप खाली ठेवून म्हणालात, "पण तां कापू नको. बाकीची फसवी आसत. तां खरा."

दाखवायच्या दिवशी क्लासमध्ये अंधार केला. फक्त खडखडाट आणि तोंडं. सर म्हणाले, "संवाद कुठे आहेत?" मी म्हटलं, थांबा. पहिल्या पट्टीची चार तोंडं पुन्हा आली, खडखडाट तुटला, आणि सकाळी टेप केलेला तुमचा आवाज: आईचा घो. एकदाच. पुन्हा साचे. मग तिसऱ्या ओळीतली एक मुलगी पडद्याबरोबर ओठ हलवायला लागली. तिचं बघून शेजारचा. पाचव्या पट्टीपर्यंत अख्खा वर्ग आवाज न करता बोलत होता आणि आवाज करून हसत होता. टकला पुन्हा जॉबरवर भडकला तेव्हा सगळ्यांनी एका सुरात ते चार अक्षरांचं वाक्य म्हटलं आणि सरांनी खिडकीबाहेर काहीतरी बघितलं. मी पहिला आलो. परळची जागा मिळाली, आणि त्या एका जागेतून पुढचं सगळं. आता माझ्या स्टुडिओत शिकायला पोरं येतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो, आणि शेवटी छाती काढून म्हणतो: बापाची एकही पट्टी सोडली नाही, एकतीसच्या एकतीस.

फिल्म रात्री दाखवायची होती आणि तुम्हाला रजा मिळाली नव्हती. त्या संध्याकाळी ड्यूटीवर निघताना तुम्ही दारात विचारलंत, "सगळी घेतलंस?" मी म्हटलं, "सगळी." तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. मान हलवून जिना उतरलात. ती कॅसेट तुम्ही कधी मागितली नाहीत आणि मी कधी लावली नाही.

हसण्यावर संपलं तर जागा आपली, एवढं मला दाखवायच्या आदल्या दिवशी मशीनसमोर कळलं होतं. फिल्ममध्ये पट्ट्या तीस आहेत.