दाजींचे पाय आणि पवित्र गुरुवार

२४ फेब्रुवारी, मंगळवार
राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू झाला तेव्हा फादर म्हणाले, ईस्टरपर्यंत रोज एक चिंतन लिहा. लिहिणारच होतो. बुधवारी पेन नव्हतं. गुरुवारी पेन आणायला इंदापुरातून बारामतीला गेलो, तर स्टँडवर एक जण कुत्र्याची पिल्लं वाटत होता, तिथंच संध्याकाळ झाली. नंतर विषय सुचेना. आज सुचला.

विषय: सर्जेराव दाजी. सूड.

नाताळच्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांदेखत दाजी म्हणाले, "ह्याला गव्हाणीत निजवला तरी सकाळपर्यंत टिकायचा न्हाय." लोक पोट धरून हसले. कारण काय, तर दाजींनी मला लोणी देवकरला एका कंपनीत चिकटवलं होतं आणि मी म्हणे सोडलं. सोडलं नाही. चहा प्यायला गेटबाहेर आलो, तिथं एक ट्रकवाला भेटला, तो हुबळीला चालला होता. मी हुबळी बघितली नव्हती.

गव्हाणीचं उत्तर म्हणून मी दाजींच्या मोटरसायकलची हवा सोडली. दोन्ही चाकांची. हवा फुकट असते. पण विजयमालाताईला पाचवा महिना होता आणि तिला सासरी लासुर्ण्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरवर बसून जावं लागलं. तो दोषही माझाच. ट्रॅक्टर मी चालवत होतो का?

तेव्हापासून दाजींचा निरोप आहे: सूरज माफी मागत न्हाय तवर बायको माहेरी यायची न्हाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे जगाला ठाऊक आहे. आईनं खोलीला चुना दिलाय, जुन्या लुगड्यांची बाळुती फाडून ठेवलीत. रोज म्हणते, "एक शब्द टाक की रं. जीभ झिजती का?" जीभ झिजत नाही. पण तत्त्व असतं.

माफी दाजी मागतील. ईस्टरच्या आत.

२६ फेब्रुवारी
चिंतन. संत पेत्रानं बागेत एकाचा कान कापला, तरी येशूनं पुढं चर्च त्याच्याच हाती दिलं. विचार करण्यासारखं आहे.

संत पौल तर स्पष्ट सांगतो, शत्रूला खायला-प्यायला दिलं की त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखं होतं. खायला-प्यायला देणं लांबचा रस्ता वाटतो. निखारे पटले.

१ मार्च, रविवार
देव मार्ग दाखवतो. मिस्साच्या शेवटी फादरनी नावं वाचली. येशूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. बारांत दाजी!

फादरच्या शेजारी एकानं पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं असतं. तो एक म्हणजे मी. चर्चची सगळी व्यवस्था तात्याबा बघतात. त्यांच्याकडं गेलो. म्हणाले, "तू? तू तांब्यासकट हुबळीला जाशील." ह्यांनाही कळलंय. शेवटी अट घातली, दर शनिवारी चर्च झाडायचं. कबूल केलं. सूड म्हटल्यावर कष्ट आलेच.

निखारे चर्चमध्ये नेता येत नाहीत. बर्फ नेता येतो. दाजी भर मिस्सात, माईक चालू असताना किंचाळतील. मग बघू गव्हाणीत कोण टिकतो ते.

३ मार्च, पहाटे
प्रयोग. शेजारच्यांच्या फ्रीजमधला बर्फ बादलीत टाकून पाय बुडवले. अंगात स्वेटर होता तरी किंचाळलो. आई धावत आली, म्हणाली, "इंचू चावला का?" कुत्रं भुंकलं. अर्धा तास करंगळी सापडेना.
निष्कर्ष: उत्कृष्ट.

१५ मार्च
उपवासाबद्दल. ईस्टरपर्यंत वडापाव सोडला होता. रविवार उपवासात धरत नाहीत, असं फादरच म्हणतात. शनिवारी चर्च झाडतो, अंगमेहनत असते, म्हणून शनिवारही धरत नाही. बुधवारी खाल्ली ती भजी होती.

रोमच्या कॉन्स्टंटाइन राजानं आधी लढाई जिंकली, बाप्तिस्मा मरता मरता घेतला. इतिहासात क्रम महत्त्वाचा. मीही आधी दाजी, मग क्षमा.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
मिरवणूक वळेपर्यंत झावळ्या माना टाकून बसल्या. डांबर चपलेला चिकटत होतं. तात्याबांना घेरी आली, त्यांना सावलीत बसवून डोक्यावर ओला रुमाल ठेवला. माझ्या योजनेशी ह्याचा संबंध नाही.

मिस्सानंतर आईनं दाजींना आवारात गाठलं. म्हणाली, "पोरीला आठवा सरला. आता तरी धाडा." दाजी म्हणाले, "मामी, तुमच्यावर राग न्हाय. तिकडं माझी आई थकल्याली, हिचं हाल व्हतील, मला कळतंय. पण त्याला तोंड हाय का न्हाय?" ताई लांब निंबाखाली उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिनं माझ्याकडं बघितलं. मी घंटेकडं बघितलं.

आई परत येताना पदर डोळ्याला लावत होती. दाजींमुळं. हेही हिशेबात धरलंय.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार, दुपारी
स्टँडजवळच्या रसवंतीतून बर्फाची लादी घेतली. शेजारी पोरांची मॅच चालली होती, अंपायर नव्हता. मी झालो. एक एलबीडब्ल्यू दिला त्यावर वाद झाला. परत येतो तर पोत्यात पाणी. रसवंतीवाला म्हणाला, "देवाचं काम असंल तर दुसरी न्या." देवाचंच आहे म्हणालो.

तांब्या तयार. माझा हात बधिर. दाजी, या.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार, सकाळी
काय झालं ते नीट लिहितो.

मिस्सा सुरू झाली आणि लाईट गेली. पंखे बंद. माईक बंद. बाहेर फुफाटा, आत माणसं तव्यावरच्या भाकरीसारखी. बारा जण बाकावर, दाजी सगळ्यात शेवटी. येशूला दगा देणाऱ्या यहूदाची जागा, मनात म्हटलं.

पहिले एक म्हातारे आबा होते, त्यांच्या पायावर पाणी पडलं. आबा म्हणाले, "अगागागा!" मला भरून आलं. मग आबा म्हणाले, "फादर, आणखी वता."

तिसऱ्यापर्यंत बातमी बाकभर पसरली. एकेकानं पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. मागचे लोक उभे राहून बघायला लागले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "आमचं बी धुवा की!"

दाजींची पाळी आली. दाजी साखर कारखान्यात बॉयलरवर असतात. बर्फ वितळू नये म्हणून मी तांब्या ओल्या फडक्यात गुंडाळला होता आणि तळचं पाणी राखलं होतं, त्यामुळं सगळ्यात गार पाणी त्यांनाच. पडलं. दाजी किंचाळले नाहीत. डोळे मिटून बसले. रीतीप्रमाणं एकच पाय धुतात, उजवा. दाजी म्हणाले, "फादर, डावा बी घ्या." फादरनी घेतला. दाजींच्या गालावरनं पाणी वाहत होतं, आणि ते तांब्यातलं नव्हतं.

मग माझा हात धरून म्हणाले, "सूरज, सगळा सीझन तळव्यांची आग आग व्हती रं. तुला कुणी सांगितलं?"
कुणी नाही, म्हणालो. हे खरं होतं.

फादर मिस्साच्या शेवटी म्हणाले, पाय धुणं म्हणजे काय ते ह्या तरुणाला आपल्याआधी कळलं. आई परत पदर डोळ्याला लावून.

चिंतन: येशूनं यहूदाला बरोबर ओळखलं. दाजींना मी ओळखू येत नाही.

शुभ शुक्रवार, संध्याकाळी
क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर तात्याबांना खरं सांगून टाकलं. म्हटलं, बर्फ त्रास द्यायला होता. तात्याबा म्हणाले, "चांगलं केलं तरी वाईट केलं म्हणतोस. नम्र झालास रं."

पापनिवेदनात फादरना सांगितलं, अगदी गव्हाणीपासून. जाळीपलीकडून खोकल्यासारखा आवाज येत होता. मग म्हणाले, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना कर, आणि बर्फ कुठल्या रसवंतीचा होता?

४ एप्रिल, शनिवार, दुपारी
लोकांचा विश्वास मिळवणं सोपं आहे, तो घालवणं फार अवघड.

तरी मी हरलेलो नाही. आता थेट दाजींनाच सांगणार. उद्या पुनरुत्थानाच्या मिस्सानंतर, आवारात, सगळ्यांदेखत. वाक्य तयार आहे: "दाजी, तुमच्या सुखाशी माझा काडीचा संबंध नाही." ऐकून त्यांचं तोंड उतरेल. आई बोलेल, बोलू दे. ताईचं बाळंतपण लासुर्ण्याला झालं तर होऊ दे, तिथंही दवाखाने आहेत. तत्त्व म्हणजे

दारात जीप थांबली. आई कुणाला तरी "सावकाश, सावकाश" म्हणतीय.

ताई आलीय. पिशव्या घेऊन. चुन्याच्या खोलीत गेली, भिंतीला हात लावून बघितला आणि मोठ्यानं रडायला लागली. आई पण. बाळुती कुठं ठेवली त्यावरून दोघींचं भांडण पण सुरू झालं.

दाजी ओट्यावर आहेत. विचारतायत, "मामी, आमचा सूरज कुठाय?"

आईला मी दाराआडूनच मान हलवून सांगितलं, मी घरात नाही म्हण. आईनं माझ्याकडं बघितलं आणि दाजींना सरळ दाराकडं बोट दाखवलं.