बाकी तीन शे

गुरुजी, तुम्हाला गुरुजी म्हणणं जिवावर येतं, पण तुमच्यासाठी दुसरा शब्द मी कधी वापरलाच नाही, म्हणून तोच लिहितो. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. पेपरात तुमचा फोटो आला होता आणि खाली 'विद्यार्थिप्रिय' असं छापलं होतं. तो शब्द मी दोनदा वाचला आणि पेपर घडी करून ठेवला. शोकसभेला आलो नाही. त्या दिवशी मला सुट्टी होती, जळगावहून धुळ्याला गाड्याही भरपूर आहेत, तरी आलो नाही. तिथे कुणीतरी मला चार शब्द बोलायला उभं केलं असतं, आणि मी चारावर थांबलो नसतो.

सातवीचा वर्ग. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तुम्ही शाळा भरायच्या आधी एक तास घेता. आम्ही नऊ जण, त्यांतल्या सहांचेच फॉर्म भरणार हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगून टाकलेलं. तुम्ही नाशिककडून बदलून आलेले. गावात दोन वर्षं काढलीत, पण आमची बोली तुमच्या कानात शिरली नाही. खरं म्हणजे तुम्ही ती शिरू दिली नाही. मला तुम्ही फळ्यापाशी बोलावता, खडू देता आणि गणित सांगता. एका संख्येला छत्तीसने भागलं तर बाकी एकवीस उरते. त्याच संख्येला सहाने भागलं तर बाकी किती? तुम्ही शिकवलेली रीत अशी, की छत्तीसात एकवीस मिळवून सत्तावन्न घ्यायचे आणि त्यांना सहाने भागायचं. उत्तर बरोबर येतं, पण वाट लांबची. मी फळ्याकडे पाठ करून उभा आहे आणि मला दिसतंय की छत्तीस सहाने पुरते जातात, तेव्हा त्यांच्याकडे बघायचंच कशाला? फक्त एकवीस बघायचे. सहा त्रिक अठरा, उरले तीन. हे मला कुणी शिकवलेलं नाही. अंगावर काटा आला होता, गुरुजी, इतकं ते स्वच्छ दिसलं होतं. त्या भरात मी घरच्या भाषेत बोललो, "बाकी तीन शे."

आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, हे तुम्हाला आता तरी सांगतो.

"तीनशे?" तुम्ही चष्मा काढलात. "सहाने भागून बाकी तीनशे? अरे, बाकी भाजकापेक्षा लहान असते, हे किती वेळा घोकून घेतलं! तीनशे म्हणे! मेंढरं मोजतोयस का?" आणि तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून ते आठही जण हसले. मी काय म्हणालो ते त्या आठांनाही कळलं होतं. सगळ्यांच्या घरी तीच बोली. एकानेही तोंड उघडलं नाही. मला लिहून दाखवायची संधी तुम्ही दिली नाहीत. यादीतून नाव काढलंत आणि दुसऱ्या दिवसापासून त्या तासाला येऊ नकोस म्हणून सांगितलंत.

माझा बाप कापसाच्या जिनात कामाला होता. शाळेची पायरी त्याने तोवर चढलेली नव्हती. पण मी घरी रडलो म्हणून तो रुईने माखलेल्या कपड्यांनिशी तसाच तुमच्याकडे आला. मी खिडकीखाली उभा होतो. तो म्हणाला, "गुर्जी, पोऱ्या म्हने तीन शे." तुम्ही म्हणालात, "तेच तर सांगतोय, तीनशे!" बाप समाधानाने मान हलवत बाहेर आला. वाटेत मला म्हणाला, "गुर्जीबी तीन शे म्हनतस. मंग तुले काढं कसाले?" बाप गेला तोपर्यंत त्याला वाटत होतं की तुम्ही दोघं एकच बोलत होता आणि काहीतरी खोट माझ्यातच असणार.

गावात माझं नाव तीनशे पडलं. "ए तीनशे, चेंडू फेक." लग्नात वरातीच्या पुढे एक जण तेच ओरडला. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, लहानपणी तीनशे सूर्यनमस्कार घालायचो.

दहावीनंतर जळगावला पाइपच्या कारखान्यात लागलो, अजून तिथेच आहे. पण गणित सोडलं नाही. रद्दीतून पुस्तकं आणली, बाकीचं प्रकरण समोर ठेवून एकट्याने सोडवत बसलो. मोठे घात, ठरावीक क्रमाने फिरून येणाऱ्या बाक्या, दोन-तीन भाजकांची गणितं, सगळं. आज दर रविवारी सकाळी एका अभ्यासिकेत पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षेला बसणारी पोरं माझ्यापुढे असतात. मला ती सर म्हणतात. पदवी विचारत नाहीत. विचारली तर सांगतो, नाही म्हणून. तुमचं एक वाक्य मी दर बॅचला वापरतो, बाकी भाजकापेक्षा लहानच असते. ते खरं आहे म्हणून वापरतो. तुमचं नाव घेत नाही.

एकदा धुळ्याच्या स्टँडवर तुम्ही भेटला होता, तेव्हा निवृत्त झाला होता. मी समोर उभा राहिलो. "कोण रे तू?" म्हणालात. मी म्हणालो, "तीनशे." तुम्ही म्हणालात, "तीनशे काय?" मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. तुम्हाला खरंच काही आठवत नव्हतं. त्याचा राग मला त्या सकाळपेक्षा जास्त आला.

मग आज का लिहितोय? गेल्या रविवारी मी फळ्यावर गणित घातलं. त्रेसष्टने भागून बाकी तेहतीस, तर सातने भागून किती? अमळनेरकडची एक मुलगी बसल्या जागेवरून पटकन म्हणाली, "बाकी पाच शे, सर." मागून एक जण बोलला, "पाचशे? सातने भागलं का गुणलं गं?" वर्ग हसला. मी काही बोलणार, तोवर ती उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर ५ काढला, चांगला वितभर. वळून म्हणाली, "हाऊ पाच. शे म्हंजे आहे. आता हसा." कुणी हसलं नाही. खडू माझ्या हातात परत देऊन ती जागेवर जाऊन बसली. मला पुढचं गणित सुचेना. तास पंधरा मिनिटं आधी सोडला.

वर मी लिहिलं, की लिहून दाखवायची संधी तुम्ही दिली नाहीत. बायकोला, मुलांना, कारखान्यातल्या सगळ्यांना मी हेच सांगत आलो. ते तसं नाही. वाक्य खोडत नाही, मला कागदावर खोडाखोड चालत नाही. तुम्ही मला "लिही" म्हणाला होता. हसू आवरत म्हणालात, "लिही, लिही, बघू दे सगळ्यांना." खडू माझ्याच हातात होता. सगळे हसत होते आणि मला वाटलं, इतके जण हसतात म्हणजे मी तीनशेच म्हणालो असणार. मी फळ्याकडे वळलो आणि ३०० लिहिलं.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. कानाने ऐकलेलं तुम्ही एकदा तरी विचारून घ्यायला हवं होतं. हा कागद रविवारच्या वहीत राहील, तो पाठवायला पत्ता नाही. पण हिशेब चोख असावा म्हणून एवढं लिहून ठेवतो, की तीन बरोबर होता आणि त्याच्यापुढची दोन शून्यं माझ्या हातची आहेत.