सोमवारची अर्धी

३ जून, मंगळवार
कालच्या पानावर तीन लिहिल्यात. चूक. चार. चौथी अर्ध्यावर विझवली म्हणून धरली नव्हती. पण विझवली ती जिन्यात आईची पावलं वाजली म्हणून, मनाने नव्हे. तेव्हा चार. आज तीन.

कमी करत करत बंद, असा बेत. दोन महिने झाले. कमी कुठे होतंय?

घरात वाचता येणारी मी एकटी. डॉक्टरांनी बाबांच्या छातीचा कागद दिला तोही मीच वाचून दाखवला— सिगारेट बंद, नाहीतर फुप्फुसं गेली. वर तासभर उपदेश. तेव्हाही पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. बाबांनी तीस वर्षांची सवय दुसऱ्या दिवशी टाकली. सात महिने झाले. आणि मी गच्चीवर, टाकीमागे.

४ जून, बुधवार
दोन. ऑफिसात एकही नाही, म्हणून दिवसभर सगळ्यांवर खेकसले. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "ओढ बाई एक, आम्हाला तरी जगू दे." यांना कसं कळलं? पुदिन्याच्या गोळ्या काय उगाच चघळते?

५ जून, गुरुवार
तीन. टाकीमागच्या भिंतीवर खाली रेघा दिसल्या. सुताराची जाड पेन्सिल. बाबा फळ्या मोजताना ओढतात तशाच. रोजची एक ओळ— तीन, चार, तीन, दोन. म्हणजे बाबा परत सुरू! सात महिने पाण्यात. संताप संताप झाला. जेवताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

६ जून, शुक्रवार
राहवलं नाही. बाबा रंधा मारत होते. म्हटलं, "टाकीमागे काय चालतं तुमचं?"
"तेच मी विचारणार होतो, मास्तरीणबाई."
"रेघा तुमच्या हातच्या आहेत."
"रेघा माझ्या. थोटकं तुझी."

आईला दिसू नयेत म्हणून रोज सकाळी वेचतात. वेचली की मोजतात, हाताची सवय. "सोमवारची एक अर्धीच होती. धरली मी. बरोबर ना?"

"मग बोलला का नाहीत?"
"तुला वाचून दाखवायला माझ्याकडे कागद कुठाय?"

रंधा थांबला. मग खाली बघत म्हणाले, "ती अर्धी मी खिशात घातली होती. दुपारी टाकली. पण दुपारपर्यंत होती खिशात."

आजच्या किती ते लिहीत नाही. नाही, लिहिते. पाच.

७ जून, शनिवार
एक. थोटूक मीच उचललं. सोमवारपासून बंद, असं लिहायला बसले होते. पण मग रविवारची वेचायला बाबा सोमवारी वर जाणार.
तेव्हा उद्यापासूनच बंद. रविवार, ८ जून.