ओळंब्यातला दादा

४ मार्च

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? स्वतः लिहितोय! पक्षाघाताने डावी बाजू लुळी केली, पण उजवा हात शाबूत आहे. परवा दवाखान्यातून घरी आलो आणि बघतो तर काय, मधल्या खोलीची भिंत उजवीकडे कललेली! तीस वर्षं गवंडीकाम केलं, मला भिंत कळत नाही? तुझी वहिनी म्हणते, भिंत नाही, मीच डावीकडे कलतोय. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही तिचीच री ओढली.

काल दोघींना खोटं पाडायला कुणाचाही हात न धरता उठलो, आणि न्हाणीघराच्या दारात आडवा झालो. थोडक्यात निभावलं. बाईंनी बजावलंय की पुन्हा पडून खुब्याचं हाड मोडलं, तर कायमचं अंथरूण धरावं लागेल. आधाराशिवाय दोन मिनिटं उभा राहीन तेव्हाच तुझ्याकडे यायची परवानगी. मला तर तुझ्या दारातल्या, मी बांधलेल्या पाच पायऱ्या चढायच्याच आहेत.

लोभ आहेच, भिंतीवर तेवढा राग आहे.
तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग हसू आवरेना. तुझ्या पत्रातल्या ओळीसुद्धा डोंगर चढल्यात! हाताखालच्या माणसांवर तू खेकसायचास की डोळा खोटं बोलतो, ओळंबा बोलत नाही. मग आता स्वतःच्या डोळ्यावर एवढा भरवसा कसा रे?

माझ्या पायऱ्या बांधताना तुझा पितळी ओळंबा, दोरीसकट, इथेच विसरला होतास. तो सोबत पाठवते आहे. भिंतीला लावून बघ. वाकडी निघाली तर मी चार माणसांत माफी मागीन. सरळ निघाली तर मुकाट्याने बाईंचं ऐकायचं आणि वहिनीचा हात सोडायचा नाही. मला एकच दादा आहे, तो उभा हवा आहे.

लोभ असू दे, हट्ट जरा कमी असू दे.
तुझी ठकू

५ एप्रिल

चि. ठकू,
आशीर्वाद, आशीर्वाद!

हरलो! वहिनीने चौकटीला ओळंबा टांगला, बाईंनी समोर आरसा ठेवला. दोरी सरळ, भिंत सरळ, आणि मधला म्हातारा वीतभर कललेला. इतकी लाज वाटली! मग वहिनीला धरून दोरीशी अंग जुळवलं, तर उजवीकडे कोसळतोय असंच वाटायला लागलं. घाम फुटला. पण जन्मभर दोरीचं ऐकलं, म्हणून तेव्हाही ऐकलं.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा दोरीसमोर उभा राहतो. एकदाही पडलो नाही. आणि आज! दोन मिनिटं, हाताशिवाय! वहिनी मागे हात पसरून उभी होती, बाई घड्याळ बघत होत्या आणि त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात येतोय!

एक मात्र कर. पायऱ्या बांधल्या तेव्हा तू कठडा मागितलास, आणि मी फुशारकी मारली की माझ्या पायऱ्यांना आधार लागत नाही. लागतो गं. उजव्या हाताला येईल असा लावून घे.

लोभ असावा, कठडाही असावा.
तुझा दादा

८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नाचले रे घरभर! कठडा तू पडल्याचं कळलं त्याच आठवड्यात लावला. रागावशील म्हणून लिहिलं नाही. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा उजवा हात लागेल म्हणून दोन्ही बाजूंनी लावलाय. मी तुझ्या एक पायरी मागे राहीन.

फक्त एक कटकट आहे. लोहार छातीठोकपणे सांगतो की कठडा सरळ आहे, मला तो वाकडा दिसतो. माझ्या डोळ्याचं मी काही ऐकणार नाही. येताना ओळंबा घेऊन ये.

वाट बघते. लोभ दारातच उभा आहे.
तुझी ठकू